उजेड आसा, पण वत खंय?

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. सव्वीस वर्षं बल्ब, ट्यूब, चोक, वायर, पंख्याचे कंडेन्सर विकतोय, मागच्या खोलीत मोटर वाइंडिंग करतोय. कुणी म्हणालं की घरात उजेड कमी पडतो, तर खोलीची लांबी-रुंदी विचारतो आणि किती वॅटची ट्यूब कुठे लावायची ते बसल्या जागी सांगतो. त्याच मागच्या खोलीत, मी स्वतः लावलेल्या दिव्याखाली, एक जीव आठ महिने उन्हावाचून झिजत होता. हे लिहायला मला वर्षाहून जास्त लागलं. आता लिहितोय, कारण परवा सावंतवाडीहून एक मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, “काका, इग्वानासाठी यूव्हीची निळी नळी हवी.” मी त्याला बसवून घेतलं आणि तासभर बोललो. ते सगळं इथे लिहून ठेवतो.

आमच्या इग्वानाचं, म्हणजे पानं खाणाऱ्या परदेशी मोठ्या सरड्याचं, नाव पाचू. २०२३ च्या दिवाळीत मुलगा मुंबईहून कुडाळला उतरला तो बुटाच्या खोक्यात त्याला घेऊनच. होस्टेलवर ठेवू देत नाहीत म्हणून घरी आणला. तेव्हा शेपटीसकट जेमतेम एक फुटाचा होता, आणि रंग असा की भाताच्या तरव्याची आठवण व्हावी. विकणाऱ्याने मुलाला एवढंच सांगितलं होतं: काकडी, केळं, पालक काहीही खातो, वर एक यूव्ही लाईट लावा. मुलगा चार दिवस राहून परत गेला आणि पाचू माझ्याकडे राहिला.

दुकानाचं जुनं काचेचं शोकेस होतं, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पूर्वी त्यात फॅन्सी दिवे मांडायचो. ते पुसून घेतलं, तळाला सुताराकडचा भुसा पसरला, पेरूची एक फांदी आडवी टाकली. यूव्ही म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती हॉटेलवाले डास-माश्यांसाठी लावतात त्या मशीनमधली निळी नळी. गोदामात दोन शिल्लक होत्या. एक लावली. निळा-जांभळा प्रकाश पडला, पाचूचा हिरवा रंग त्यात वेगळाच दिसायचा, गिऱ्हाइकं वाकून बघायची. रात्री त्याला भीती वाटू नये म्हणून ती नळी मी चोवीस तास चालू ठेवली. त्याला एकटं वाटू नये अशी माझी खरोखरच इच्छा होती.

आई ऐंशीच्या पुढची आहे. डिसेंबरात एकदा ती दुकानात आली, शोकेससमोर स्टुलावर बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “उजेड आसा रे, पण वत खंय?” आमच्याकडे उन्हाला वत म्हणतात. मी म्हटलं, आये, ही यूव्हीची नळी आहे, उन्हातलं जे लागतं ते हिच्यात असतं. ती म्हणाली, “पोरांका तेल लावन कवळ्या वतात घालतत. तेंका काय ट्यूब लावतत?” मी हो हो म्हटलं आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. ते वाक्य मी ऐकून घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मार्च-एप्रिलपर्यंत सगळं बरं चाललंय असंच आम्हाला वाटत होतं. पाचू दोन फुटांच्या वर गेला. मागच्या मांड्या चांगल्या भरल्या. बायको म्हणायची, बाळसं धरलंय. त्या मांड्या बघून मला समाधान वाटायचं, हे आजही आठवलं की पोटात कालवतं. कारण ते बाळसं नव्हतं. हाडातला चुना कमी व्हायला लागला की शरीर त्या हाडाला आधार द्यायला भोवती तंतूंचं जाड आवरण तयार करतं, आणि बाहेरून पाय गुटगुटीत दिसतो. हे मला जुलैत कळलं.

पाऊस लागल्यावर तो सुस्तावला. फांदीवर चढेना. चालताना पोट जमिनीला घासायला लागलं. सरड्यासारखा प्राणी चालतो तेव्हा चारी पायांवर अंग उचलून चालतो, पाचू सरपटायला लागला होता. पावसाळी हवा आहे, आळसावला असेल, असं मी धरून चाललो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोने हाक मारली, “अवो, हेचे हात थरथरतत बघा.” मी वाकून बघितलं. पुढच्या उजव्या पायाची लांब बोटं, ज्यांनी तो फांदी पकडायचा, ती एकेक करून उडत होती, बारीक करंट लागल्यासारखी. सगळी नव्हे. एक बोट, मग दुसरं, मग थांबायची, मग पुन्हा. मी त्याची हनुवटी बोटाने हलकेच वर केली आणि खालचा जबडा माझ्या बोटाखाली दबला. हाड असं दबत नाही. वायरच्या भोकात बसवतात तो रबरी ग्रोमेट दाबावा तसं ते वाटलं. मी बोट तसंच धरून उभा राहिलो, काढायचंही सुचेना.

जवळच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “मी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा बघतो. याचं मला कळत नाही, आणि न कळता सुई मारणार नाही.” त्यांनी हे स्पष्ट सांगितलं याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनीच गोव्यातल्या, असे प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मासळीचा थर्माकोलचा खोका धुऊन घेतला, आत जुन्या लुगड्याची घडी, बाजूला गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून. शिरोडा, आरोंदा, किरणपाणीचा पूल, पेडणे. पाऊस असा की वायपर पुरे पडेना. खोका बायकोच्या मांडीवर होता आणि ती दर पाच मिनिटांनी झाकण किलकिलं करून बघत होती. कुणी फारसं बोललं नाही.

डॉक्टरांनी पाचूला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारले. पिंजरा केवढा? दिवा कुठला? तो कधी बदलला? बसायच्या जागी तापमान किती? खातो काय? एकेका उत्तरानंतर ते लिहीत गेले. तापमानाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. माझ्या हत्यारांच्या पिशवीत लेझरचं तापमान मोजायचं पिस्तूल असतं. एमसीबीचं टर्मिनल तापतंय का, मोटरचं बेअरिंग गरम झालंय का, ते मी दिवसातून दहादा त्याने बघतो. ते पिस्तूल आठ महिन्यांत एकदाही मी पाचूच्या फांदीकडे धरलं नव्हतं.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी शेजारी दुसऱ्या एका, निरोगी इग्वानाचा एक्स-रे लावला. त्यात हाडं खडूने काढल्यासारखी स्वच्छ पांढरी होती. पाचूच्या फिल्ममध्ये हाड कुठलं आणि मांस कुठलं ते ओळखू येत नव्हतं, सगळं धुरकट. डाव्या मांडीचं हाड मधेच वाकून दुमडलेलं होतं, ओली काडी मोडावी तसं, तुटून वेगळं न होता. तो कधीतरी फांदीवरून पडला असणार आणि आम्हाला कळलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. रक्तात कॅल्शियम ठराविक प्रमाणात नसेल तर स्नायू चालत नाहीत, हृदय चालत नाही. म्हणून शरीर काहीही करून तेवढं प्रमाण राखतं. खाण्यातून मिळालं नाही की गळ्याजवळच्या बारीक ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडातून उपसा सुरू होतो. विहिरीला झरा नाही आणि पंप मात्र चालूच, असा तो प्रकार. म्हणूनच रक्ताच्या तपासणीत बराच काळ काही दिसतही नाही. बोटं थरथरायला लागतात तेव्हा हाडातलंही संपत आलेलं असतं. पाचू तर वाढीच्या वयाचा, त्याला सगळ्यात जास्त गरज होती.

खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून अंगात शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं. इग्वानासारखा पानं खाणारा आणि दिवसा हिंडणारा प्राणी ते मुख्यत्वे कातडीत तयार करतो, उन्हातल्या अतिनील ब किरणांनी. यूव्हीबी म्हणतात ते. त्यांची तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर. माझी निळी नळी ३६५ च्या आसपासची. तो अतिनील अ, त्याने डास येतात, ड जीवनसत्त्व बनत नाही. नावात यूव्ही दोन्हीकडे आहे. मी माल विकणारा माणूस, खोक्यावर काय छापलंय ते वाचून गिऱ्हाइकाला सांगतो, आणि इथे मी दोन अक्षरांवर विसंबलो. ट्यूबवर ६५०० के लिहिलेलं असतं त्याचाही याच्याशी काही संबंध नाही, ती फक्त पांढऱ्या रंगाची छटा. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली: कातडीत किरणांनी जे तयार होतं त्याचं पुढे ड जीवनसत्त्व व्हायला अंगात ऊबही लागते. किरण पडले पण अंग गार राहिलं तर काम अर्धवट.

मी तिथेच विचारलं, पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी चालेल का? माझ्याकडे ती असते, लगेच लावता येईल. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. ती २५४ नॅनोमीटरची, जंतू मारणारी. तिच्याखाली पाचूचे डोळे आणि कातडी भाजली असती, आमच्याही डोळ्यांना इजा झाली असती. विचारल्याशिवाय घरी येऊन लावली असती तर, हा विचार अजून रात्री कधीकधी येतो. ज्यांना विजेच्या कामाची सवय आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, घरातली कुठलीही यूव्ही नळी प्राण्यावर लावू नका.

मग त्यांनी पाचूचं डोकं हळूच वळवून मला टाळूवरचा एक बारीक, फिकट, मोत्यासारखा खवला दाखवला. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. मी आठ महिने चोवीस तास निळी नळी पेटवून ठेवली होती. त्याला एक रात्रही मिळाली नव्हती.

त्या दिवशी त्याला तिथेच कॅल्शियमचं इंजेक्शन आणि सलाइन दिलं. ड जीवनसत्त्वाचा डोस त्यांनी वजन करून, अगदी मोजून दिला आणि बजावलं की घरी मनाने एक थेंबही द्यायचा नाही, जास्त झालं तर चुना मूत्रपिंडात साठतो. तोंडातून द्यायचं पातळ कॅल्शियम मात्र रोज दोनदा.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते पिस्तूल शोकेसमध्ये धरण्याचं. फांदी: २७. भुसा: २६. मागचा कोपरा: २६. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका जागी ३५ ते ३८ हवं, तिथून लांब जाता जाता २७-२८ पर्यंत उतरलं पाहिजे, म्हणजे त्याला हवी तशी ऊब तो स्वतः निवडेल. अंग तापल्याशिवाय त्याला पानं पचत नाहीत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पाचूची धाव तीन फुटांची होती आणि या टोकाला त्या टोकापेक्षा वेगळं काहीच नव्हतं.

शोकेस त्याच रात्री रिकामं केलं. पुढचे काही दिवस पाचू एका मोठ्या, बुटक्या प्लास्टिकच्या टबात राहिला, तळाला टॉवेल, फांदी नाही. हाडं इतकी मऊ असताना चार इंचांवरून पडला तरी मोडतोड होते. उचलायचं ते दोन्ही तळव्यांवर, छाती आणि कंबर दोन्हींना आधार देऊन.

औषध पाजणं हे मला वाटलं त्याहून अवघड निघालं. जबडा उघडायचा प्रयत्न करायचा नाही, कारण तोच मऊ. बिनसुईची एक मिलीची सिरिंज, औषधाचा एकच थेंब टोकाला आणायचा आणि ओठांच्या कडेला लावायचा. मग वाट बघायची. पहिल्या दिवशी थेंब सुकून गेला. दुसऱ्या दिवशी सुकला. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब लावला, मी श्वास रोखून बसलो, आणि गुलाबी जिभेचं टोक बाहेर आलं, थेंबाला शिवलं, आत गेलं. पुन्हा आलं. अख्खी मात्रा संपायला पंचवीस मिनिटं लागली. दुकान त्या दिवशी साडेदहाला उघडलं. पुढचे तीन महिने साडेदहालाच उघडायचं, गिऱ्हाइकांनाही ते माहीत झालं.

आंघोळ आईने आपल्याकडे घेतली. पितळेच्या परातीत कोमट पाणी, त्याच्या खांद्यापर्यंतही न येणारं, मनगट बुडवून बघितलेलं. त्यात त्याला ठेवायचं आणि ती वीस मिनिटं त्याच्या पाठीवर ओंजळीने पाणी सोडत बसायची, तान्ह्या पोराला घालावं तसं. तो पाणी प्यायचा, आणि अडलेलं पोट त्या पाण्यातच साफ व्हायचं. कॅल्शियम कमी पडलं की आतड्याचे स्नायूही ढिले पडतात.

खाण्याचंही सगळं चुकलं होतं. पालकात कॅल्शियम असतं पण ऑक्झलेट त्याला बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त, आणि लागतं ते याच्या उलट, कॅल्शियम साधारण दुप्पट. काकडी म्हणजे पाणी. डॉक्टरांनी विचारलं, शेवगा आहे का दारात? मला हसू आणि रडू एकदमच आलं असेल. आमच्या परसात शेगूल आहे, गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी आणि आंबोळ्या आमच्याकडे कधी चुकत नाहीत. हिरव्या पाल्यांत कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला फार चांगला. जास्वंदीची पानं आणि फुलं, तीही दारातच. तुतीची पानं, चवळीचा पाला, किसलेला लाल भोपळा, कधीतरी पपईची फोड. आठ महिने मी त्याच्यासाठी बाजारातून केळी विकत आणत होतो.

शेजारच्या एका काकूंनी खायचा चुना कालवून द्यायला सांगितलं. डॉक्टरांनी साफ मना केलं, त्याने तोंड आणि घसा पोळतो. सागरेश्वराच्या किनाऱ्यावर समुद्रफेस सापडतो, माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, त्याबद्दलही मी विचारलं. ते म्हणाले, बरा झाल्यावर गोड्या पाण्यात नीट भिजवून, खार काढून, वाळवून, कुटून पानांवर भुरभुरायला हरकत नाही, पण आजारात मोजलेलं औषधच द्यायचं. आता बरणी भरून ठेवलेली असते.

आता दिव्याचं सांगतो, कारण हा माझा विषय आहे.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची खरी यूव्हीबी नळी मागवली. तिची काच वेगळी असते. साधी काच हे किरण अडवते, म्हणूनच तर खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही या कामी उपयोगाचं नाही. नळी टी-फाइव्ह हाय आउटपुट होती, तिला तिच्याच वॅटेजचं बॅलास्ट, म्हणजे चोक, लागतं, घरच्या साध्या पट्टीत ती बसवू नये. वर चकचकीत ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर. नळी पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवली तर जाळीच बराच भाग खाऊन टाकते, बारीक जाळी जास्त खाते. अंतर वाढलं की जोर झपाट्याने उतरतो. माझ्याकडे त्याच्या पाठीपासून नळी ३० सेंटिमीटरवर आहे, पण नळी बदलली की हे गणित बदलतं, बनवणाऱ्याने दिलेला तक्ता बघावा. उबेचा दिवा यूव्हीबीच्या शेजारीच लावला, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी पाठीवर पडतात, जसे उन्हात पडतात. दिव्याला बाहेरून लोखंडी पिंजरा केला, नाहीतर तो वर चढून चिकटून भाजून घेतो. ऊब थर्मोस्टॅटवर. दोन्ही दिवे टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात. त्यानंतर काळोख. कोकणातल्या दमट हवेत हे सगळं म्हणून वेगळा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, टाकला.

पिंजरा पडवीत बांधला. सहा फूट लांब, सहा फूट उंच, तीन फूट खोल. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने जाळी वर्षात गंजते, आणि इग्वाना जीभ लावून जग ओळखतो, तेव्हा जस्ताची उघडी जाळी नको म्हणून प्लास्टिकचं आवरण असलेली घेतली. दमटपणाची मात्र काळजी करावी लागली नाही. मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या नदीकाठच्या झाडांवरचा हा प्राणी, आमची हवा त्याला घरचीच. नाकातून शिंकून तो मीठ बाहेर टाकतो, जास्तीचा क्षार काढायची त्याची ती रीत. शोकेसच्या काचेवर पांढरी भुकटी दिसायची ती आम्ही खारा वारा समजून पुसत होतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या लाइनवर झाड पडलं आणि एकतीस तास वीज नव्हती. फांदी २४ वर आली. पाचूने खाणं सोडलं, रंग मातकट झाला, बोटं पुन्हा उडायला लागली. आम्ही तिघं आळीपाळीने गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बसलो, चूल पेटतीच ठेवली. अंग गार असताना काही भरवायचं नाही, ते पोटात सडतं, हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या रात्री दोनला वीज आली. तिसऱ्या दिवशी त्याने जास्वंदीचं फूल खाल्लं. त्यानंतर दुकानातला मोठा इन्व्हर्टर मी घरी आणला आणि उबेचा दिवा न जोडता, उजेड न देता नुसती ऊब देणारा सिरॅमिक हीटर तेवढा त्याच्यावर जोडून ठेवला.

त्याच सुमारास पाऊस थांबला की मी गडग्यावरचा सरडा बघायला लागलो. रोज तिथे असतो, मी कधी बघितला नव्हता. ऊन पडलं की तो सगळ्यात वरच्या चिऱ्यावर येतो, अंग चपटं करून उन्हाकडे आडवं धरतो, काळपट होतो, आणि तापला की पुन्हा फिकट होऊन सावलीत उतरतो. दहा मिनिटांत सगळं करून दाखवतो. वत कशाला म्हणतात ते तो आमच्या दारात वर्षानुवर्षं दाखवत होता.

ऑक्टोबरात दुसऱ्यांदा दाखवायला गेलो तेव्हा जबडा घट्ट झालेला होता. डॉक्टरांनी अतिनील मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी दिलं. मी दुकानातला एकेक दिवा त्याच्याखाली धरला. ट्यूबलाइट, शून्य. एलईडी, शून्य. निळी नळी, शून्याच्या आसपास. खिडकीच्या काचेआड, तेच. मग दुकानाबाहेर उघड्यावर आलो, दुपारी बाराला, आभाळ निरभ्र, आणि आकडा नऊच्या पुढे गेला. शोकेसपासून तिथपर्यंत मी पावलं मोजली. चौदा भरली.

तेव्हापासून ऊन असेल तेव्हा सकाळी अर्धा-पाऊण तास पाचू अंगणात, जाळीच्या फिरत्या पिंजऱ्यात, अर्धा भाग झापाने झाकलेला, म्हणजे सावलीत जाता येईल. काचेच्या पेटीत घालून कुणी प्राणी उन्हात ठेवू नका, किरण आत येत नाहीत आणि उष्णता बाहेर जात नाही.

रस्त्यावरून जाणारे थांबतात. “मेल्या, घोरपड पाळलंस?” घोरपड पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ती पहिल्या अनुसूचीत आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. घोरपडीच्या तेलाबद्दल विचारतात त्यांना जरा जास्त वेळ सांगतो. इग्वाना परदेशी, पण त्याचीही नोंद लागते. २०२४ मध्ये नियम आले, परिवेश पोर्टलवर मुलाने ती केली.

पाचू आता साडेतीन फुटांचा आहे. नव्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसतात. डावी मांडी मात्र वाकडीच राहणार, ते हाड दुमडलेल्या जागीच जुळलं. चढताना तो पाय थोडा बाहेर पडतो. गेल्या मार्चमध्ये, पहिल्यांदा, तो स्वतःहून वरच्या फांदीपर्यंत गेला. मी दुकानात होतो. आईने शेजारच्या मुलाकरवी फोन लावला आणि एवढंच म्हणाली, “बग, चडलो तो.” मी शटर अर्धं ओढून घरी आलो. तो दिव्याखाली पाय लांब सोडून पसरला होता, डोळे मिटलेले, चारही पायांची बोटं फांदीवर स्थिर. मी प्रत्येक बोट बघितलं.

जुनी झालेली यूव्हीबी नळी डोळ्यांना पेटलेली दिसत असते, तरी तिच्यातले किरण संपून गेलेले असतात. ती वर्षाच्या आत बदलायची, जळायची वाट बघायची नाही. म्हणून बसवली त्या दिवसाची तारीख तिच्या टोपणावर मार्करने लिहिलेली आहे आणि पुढची नळी आत्ताच आणून दुकानात वरच्या फळीवर ठेवली आहे. ती विकायची नाही, कोणी कितीही दिले तरी, असं कामावरच्या पोराला सांगून ठेवलंय. सावंतवाडीच्या त्या मुलासाठी वेगळी मागवली आहे, बुधवारपर्यंत येईल. तोवर त्याला रोज सकाळी प्राणी अंगणात काढायला सांगितलाय.